नवा संशोधनग्रंथ मागच्या पानांपासून कसा वाचावा

मानव्यविद्यांमधला नवा ग्रंथ हाती आला की बहुतेक जण पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात रुतून बसतात. यात वाचकाच्या चिकाटीचा दोष नसतो. इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान किंवा कलेतिहास यांतला संशोधनग्रंथ एका बैठकीत वाचून काढण्यासाठी लिहिलेलाच नसतो. त्यात एक दावा मांडलेला असतो, आणि त्या दाव्याची कागदपत्रे शेवटच्या पानांत बांधून ठेवलेली असतात: टीपा, संदर्भसूची, परिशिष्टे, विषयसूची. दाव्याचा कस तिथे लागतो, म्हणून वाचनही तिथूनच सुरू करावे.

पुढचा क्रम साधारण ३०० पानांच्या, म्हणजे ८० हजार ते १ लाख शब्दांच्या एकलेखकी ग्रंथासाठी आहे. ग्रंथ आपल्या कामाचा आहे की नाही एवढेच ठरवायचे असेल तर दीड तास पुरतो. परीक्षण लिहायचे असेल तर १५ ते २० तास हाताशी ठेवा.

शीर्षकपानाची मागची बाजू

आधी मुद्रणाची माहिती असलेले पान वाचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळल्यामुळे होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे संदर्भसूच्यांमधून फिरत राहतात.

पहिली गोष्ट म्हणजे वर्ष. वर्षाच्या अखेरीस बाजारात येणाऱ्या ग्रंथांवर पुष्कळदा पुढच्या वर्षाचा स्वामित्वहक्क छापलेला असतो. संदर्भ देताना छापलेले वर्ष घ्यावे, दुकानाच्या संकेतस्थळावरची तारीख घेऊ नये. दुसरी गोष्ट आवृत्तीची. काही प्रकाशक तळाशी १० पासून १ पर्यंत आकड्यांची ओळ छापतात. तिच्यातला सर्वांत लहान आकडा हा मुद्रणाचा क्रमांक. १ गळून ओळ २ वर थांबली असेल तर तुमच्या हाती दुसरे मुद्रण आहे. कापडी बांधणीची प्रत आधी निघते आणि कागदी बांधणीची वर्ष-दीड वर्षाने येते. मधल्या काळात सापडलेल्या चुका दुसरीत गाजावाजा न करता दुरुस्त केलेल्या असू शकतात. एखाद्या चुकीवर बोट ठेवायचे असेल तर आपण कोणती प्रत वाचली ते लिहिलेच पाहिजे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २००७ पासून १३ अंकी झाला. त्याआधीच्या ग्रंथांवर १० अंकी सापडतो. कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक असतात. त्यामुळे एका क्रमांकाने शोध घेऊन काही मिळाले नाही तर ग्रंथच नाही असे समजू नका, शीर्षक आणि लेखक यांनी पुन्हा शोधा. ग्रंथ मुक्त परवान्याखाली असेल तर परवान्याचे नावही याच पानावर असते. मुक्तपणे वाचता येणाऱ्या, परीक्षकांकडून तपासल्या गेलेल्या ग्रंथांची एक निर्देशिका, डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स, २०१२ पासून चालू आहे. महाग ग्रंथ विकत घेण्याआधी तिथे एकदा पाहून घ्यावे.

आता प्रकाशक. विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित सहसा दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते, त्यांचे अहवाल आणि लेखकाचे उत्तर संपादक मंडळापुढे येते, आणि मग निर्णय होतो. अशा चाळणीतून गेलेला ग्रंथ बरोबरच असतो असे नाही. निदान दोन जाणकारांनी तो छपाईआधी वाचलेला असतो, एवढी खात्री मिळते. उलट, प्रबंध जसाच्या तसा उचलून छापणाऱ्या संस्थाही आहेत. त्या ओळखायच्या खुणा ठरलेल्या: संपादकाचा कुठेही उल्लेख नाही, विषयसूची नाही, पहिले प्रकरण ‘संशोधनाची उद्दिष्टे व गृहीतके’ या नावाचे, आणि मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांत ग्रंथाचा पत्ता नाही. असे ग्रंथ टाकून द्यावेत असे नव्हे, चांगला प्रबंध तिथेही सापडतो. फक्त जी तपासणी इतरांनी करायची ती तिथे वाचकाच्याच डोक्यावर येते.

त्यानंतर ऋणनिर्देश. लोक तो सौजन्याचा मजकूर म्हणून ओलांडतात, पण यात चार कामाच्या गोष्टी मिळतात. ग्रंथ मुळात प्रबंध होता का. लेखक कोणत्या अभिलेखागारांत खरोखर बसला होता. कोणते प्रकरण आधी लेख म्हणून छापले गेले. आणि हस्तलिखित कोणी वाचले. ज्यांनी वाचून सूचना दिल्या त्यांचीच स्तुती मलपृष्ठावर असेल तर त्या स्तुतीचे वजन तेवढे कमी धरावे. आधी छापलेला लेख जुन्या अंकात मिळत असेल तर तो काढून ठेवा. लेख आणि प्रकरण यांच्या दरम्यान लेखकाने काय बदलले, हे पाहिले की त्याला स्वतःच्याच मांडणीत कुठे शंका आली होती ते कळते.

संदर्भसूची मोजा

पेन्सिल घेऊन संदर्भसूचीची पाने उलटा. अर्धा तास द्या. तीन गोष्टी मोजायच्या आहेत.

एक, अस्सल साधने किती आणि दुय्यम किती. अप्रकाशित कागद, हस्तलिखिते, समकालीन वृत्तपत्रे, मुलाखती यांची यादी वेगळी असेल तर सोपे जाते. शीर्षकात ‘नवा इतिहास’ म्हटले आहे आणि अस्सल साधनांच्या यादीत केवळ दोन छापील संग्रह आहेत, तर नवेपण साधनांत नसून अन्वयात आहे हे लगेच कळते. त्यात गैर काही नाही, पण मग ग्रंथाकडून अपेक्षा वेगळी ठेवावी.

दोन, भाषा. ज्या समाजाबद्दल ग्रंथ आहे त्या समाजाच्या भाषेतली साधने आहेत का, की सगळे परक्या प्रशासकांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणावर बेतलेले आहे? त्या भाषेतले आधुनिक संशोधन वाचले आहे का? हा प्रश्न अनेक परीक्षक विचारत नाहीत, आणि नेमके इथेच नावाजलेल्या ग्रंथांचेही पाय मातीचे निघतात.

तीन, शेवटची वर्षे. अंतिम हस्तलिखित दिल्यापासून ग्रंथ छापून येईपर्यंत एक वर्ष सहज जाते, त्यामुळे सूची प्रकाशनाच्या एक-दोन वर्षे आधी थांबणे स्वाभाविक आहे. ती सहा-सात वर्षे आधीच थांबली असेल तर प्रबंध अद्ययावत न करता छापला गेला, असा संशय घ्यावा. खात्रीसाठी त्या विषयावरच्या अलीकडच्या दोन महत्त्वाच्या ग्रंथांची नावे सूचीत शोधा. नावे असतील तर टीपांमध्येही शोधा. काही वेळा नवे ग्रंथ शेवटच्या घडीला सूचीत घातलेले असतात आणि विवेचनात त्यांचा मागमूसही नसतो.

विषयसूची हा ग्रंथाचा नकाशा आहे. चांगल्या विषयसूचीत मोठ्या नोंदीखाली पोटनोंदी असतात. ‘जकात’ या शब्दापुढे ३० पानांचे आकडे नुसते ओळीने दिले असतील तर सूची घाईत झाली आहे. पोटनोंदी सर्वांत जास्त कोणत्या शब्दाखाली आहेत ते पाहा, ग्रंथाचे खरे मध्यवर्ती विषय तेच. शीर्षकात एक संकल्पना मोठ्या दिमाखात मिरवते आहे आणि विषयसूचीत तिच्यापुढे प्रस्तावना-समारोपाचीच पाने आहेत, असे दिसले तर समजावे की ती संकल्पना वरून चिकटवलेली आहे. पीडीएफ प्रतीत शब्द शोधता येतो, तरी सूची वाचणे सोडू नका. यंत्र तुम्ही विचाराल तेवढेच दाखवते. जे विचारायचे सुचले नसते ते सूचीतच भेटते.

दावा एका वाक्यात

आता प्रस्तावना पूर्ण वाचा आणि लगेच समारोप वाचा. मधली प्रकरणे उघडू नका. दोन्ही वाचून झाल्यावर ग्रंथ मिटून एक वाक्य लिहा, आणि त्या वाक्याला तीन भाग असू द्या: आजवर काय मानले जात होते, लेखक काय म्हणतो, आधार कशाचा.

कल्पनेतले एक उदाहरण घेऊ. ‘गाळ साचल्यामुळे अमुक बंदर बुडाले असे मानले जात होते, लेखिका म्हणते की जकातीचे दर वाढल्यावर व्यापाऱ्यांनी आधीच काढता पाय घेतला होता, आधार आहे जकातनाक्याच्या ४० वर्षांच्या वह्यांचा.’ असे वाक्य जमले की ग्रंथाचा भार कोणत्या खांबांवर आहे ते दिसू लागते. इथे भार दोन गोष्टींवर आहे: व्यापारी गेले ती वर्षे आणि गाळ साचला ती वर्षे. वह्यांत मधली काही वर्षे गहाळ आहेत का? असली तर ती नेमकी कोणती? वहीत नाव नसणे म्हणजे व्यापारी निघून गेला, की जकात चुकवून माल उतरवू लागला? हे प्रश्न ग्रंथ वाचण्याआधीच कागदावर उतरवा.

वाक्य जमत नसेल तर प्रस्तावना पुन्हा एकदा वाचा. तरीही जमले नाही तर तो ग्रंथाचा दोष असू शकतो, आणि तशी नोंद करून पुढे जा. पुष्कळ प्रस्तावनांत पूर्वसूरींचा आढावा एवढा लांबतो की लेखकाचे स्वतःचे म्हणणे हरवते.

मग प्रत्येक प्रकरणाची पहिली दोन आणि शेवटची दोन पाने वाचा. प्रत्येकाचा निष्कर्ष दोन ओळींत लिहून ठेवा. या ओळी एकाखाली एक मांडल्या की एखादे प्रकरण दाव्याच्या बाहेर पडलेले लगेच दिसते. बहुधा ते आधी छापलेल्या लेखाचेच असते. सर्वांत जास्त भार ज्या प्रकरणावर आहे ते निवडून सावकाश, टीपांसकट वाचा. बाकीची त्यानंतर वाचावीत, आणि ती भराभर होतात.

वाचताना टिपणांची एकच शिस्त पाळा, पण कडकपणे: लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, आपले शब्द बाहेर, आणि दोन्हींपुढे पान क्रमांक. सहा महिन्यांनी टिपण उघडल्यावर कोणते वाक्य कुणाचे हे आठवत नाही, आणि नकळत होणारी बरीचशी वाङ्मयचोरी अशीच घडते. ई-पुस्तकात स्थिर पाने नसतील तर प्रकरण आणि उपशीर्षक लिहा, पडद्यावर दिसणारा आकडा लिहू नका. अक्षराचा आकार बदलला की तो आकडाही बदलतो.

दहा टीपांची तपासणी

सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी केली जाणारी पायरी हीच. ३०० पानांच्या ग्रंथात हजारभर टीपा असू शकतात. त्या सगळ्या तपासणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. १० निवडा: चार भार उचलणाऱ्या विधानांच्या, तीन अशा की ज्यांतल्या अवतरणात मधला मजकूर गाळून ठिपके घातले आहेत किंवा भाषांतर लेखकाने स्वतः केले आहे, आणि तीन डोळे मिटून उघडलेल्या पानांवरच्या. जेवढी मूळ साधने ग्रंथालयात किंवा अंकीय संग्रहांत मिळतील तेवढी काढा. साधारण चार तास लागतात.

प्रत्येक टीपेला क्रमाने चार प्रश्न विचारा. साधन अस्तित्वात आहे का? दिलेल्या पानावर ते वाक्य आहे का? अक्षरशः तसेच आहे का? आणि मागची-पुढची पाने वाचल्यावरही त्याचा तोच अर्थ राहतो का?

पहिला प्रश्न पूर्वी औपचारिक वाटायचा. भाषा-प्रारूपे, म्हणजे मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने, वापरून लिहिलेल्या मजकुरात आता हुबेहूब खरे वाटणारे पण मुळात नसलेले लेख उद्धृत होऊ लागले आहेत. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, लेख मात्र कधी लिहिलाच गेला नव्हता. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी अंकीय ओळखक्रमांक) दिला असेल तर तो उघडून पाहा. नसेल तर नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा.

दुसऱ्या प्रश्नावर अडकलात तर लगेच आरोप करू नका. पान चुकण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे लेखकाने वेगळी आवृत्ती वापरली आहे. आधी संदर्भसूचीतले वर्ष जुळवून पाहा. तेही जुळत असेल तर दुय्यम ग्रंथातून उचललेल्या संदर्भाची शक्यता तपासा. त्याची खूण सोपी आहे: मूळ दस्तऐवजात नसलेली मुद्रणाची चूक, किंवा तेच शब्द गाळून तिथेच घातलेले ठिपके, दुय्यम ग्रंथातही सापडतात. याचा अर्थ लेखकाने मूळ कागद पाहिला नाही, कुणाच्या तरी पुस्तकातून टीपच उतरवून घेतली.

गाळलेल्या मजकुराच्या बाबतीत नियम एकच. ठिपक्यांच्या जागी काय होते ते प्रत्यक्ष वाचा. ‘पण’, ‘परंतु’, ‘क्वचित’ हे शब्द तिथे गाडलेले सापडतात.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्यासाठी त्या काळची परिभाषा माहीत असावी लागते. २०१९ साली एका गाजलेल्या ग्रंथात लंडनच्या न्यायालयीन नोंदींमधल्या ‘डेथ रेकॉर्डेड’ या शेऱ्याचा अर्थ फाशी दिली गेली असा घेतला होता. प्रत्यक्षात १८२३ च्या कायद्याने न्यायाधीशाला देहदंड न सुनावता नुसता नोंदवून ठेवण्याची मुभा दिली होती, म्हणजे हा शेरा बहुधा फाशी टळल्याची खूण होता. ही चूक लेखिकेची मुलाखत चालू असतानाच समोर आली, आणि ग्रंथाची अमेरिकी आवृत्ती रद्द झाली. नोंद खरी होती, पानही बरोबर होते. शेऱ्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला.

आकडे असतील तर निदान एक तक्ता स्वतः पुन्हा जुळवा. अमेरिकेतल्या बंदूक बाळगण्याच्या इतिहासावरच्या, २००० साली निघालेल्या एका ग्रंथाला कोलंबिया विद्यापीठाचे बॅनक्रॉफ्ट हे इतिहासग्रंथांसाठीचे पारितोषिक मिळाले होते. मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांवरून काढलेल्या त्यातल्या आकड्यांचा ताळा इतरांना लागेना. ज्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नोंदींचा हवाला होता त्या १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्याचेही समोर आले. २००२ च्या डिसेंबरात कोलंबिया विद्यापीठाने पारितोषिक मागे घेतले. निवड समितीपेक्षा टीपांचा पाठपुरावा करणाऱ्या वाचकांनी इथे जास्त काम केले.

दहापैकी एका टीपेत पान चुकले असेल तर ती माणसाची चूक, सोडून द्या. भार उचलणाऱ्या चारांपैकी एकीत अर्थ बदलला असेल तर आणखी १० टीपा तपासा. दोनांत बदलला असेल तर परीक्षणाचा विषय तुम्हाला मिळाला.

संपादित ग्रंथ आणि चिकित्सक आवृत्त्या

अनेक लेखकांच्या लेखसंग्रहाला हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे संपादकीय प्रस्तावना लेखांना खरोखर एकत्र बांधते का, आणि लेखक एकमेकांच्या लेखांचा उल्लेख करतात का, एवढे पाहा. करत नसतील तर तो परिसंवादाचा अहवाल आहे असे धरून दोन-तीन चांगले लेख निवडून वाचा.

चिकित्सक आवृत्तीकडे, म्हणजे जुन्या ग्रंथाच्या वेगवेगळ्या हस्तलिखित प्रती ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीकडे, मात्र पूर्ण वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कोणकोणती हस्तलिखिते वापरली, कोणती वगळली आणि का, मुख्य पाठ एका प्रतीवर बेतला की अनेक प्रतींतून निवडला, हे प्रस्तावनेत स्पष्ट असले पाहिजे. हस्तलिखिताची छायाचित्रे उपलब्ध असतील तर कोणतीही दोन पाने घेऊन मुख्य पाठ आणि खालची पाठभेदांची नोंद ओळीने ताडून पाहा. गळालेले पाठभेद, मूक दुरुस्त्या आणि आधुनिक केलेले लेखन हे तीन दोष दोन पानांतच सापडतात, कारण ते सवयीचे दोष असतात, एकदाच होत नाहीत.

परीक्षण लिहिताना

संशोधनपत्रिकेतले परीक्षण बहुधा ८०० ते १२०० शब्दांचे असते. मजकूर पाठवण्याआधी परीक्षण विभागाच्या संपादकाला विचारा. लेखक तुमचा मार्गदर्शक, विद्यार्थी, सहलेखक किंवा जवळचा मित्र असेल तर ते पहिल्याच पत्रात कळवून नकार द्या. हस्तलिखित प्रकाशनाआधी तुम्हीच तपासले असेल तरीही.

शीर्षभागात लेखक, पूर्ण शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या आणि आयएसबीएन द्यावा. पृष्ठसंख्येत सुरुवातीची रोमन आकड्यांची पाने वेगळी लिहायची. प्रकाशनस्थळ पत्रिकेच्या पद्धतीप्रमाणे. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल या लेखन-संदर्भ पद्धतीच्या मार्गदर्शक ग्रंथाने २०२४ च्या १८ व्या आवृत्तीत संदर्भसूचीतली त्याची सक्ती काढून टाकली आहे, पण अनेक पत्रिका अजून ते मागतात.

हजार शब्दांत प्रमाण असे ठेवा: दावा आणि पूर्वसंशोधनातली त्याची जागा यांना २५०, साधने आणि पद्धतीला २००, भार उचलणाऱ्या प्रकरणाच्या बारकाव्याने केलेल्या चर्चेला ३५०, आणि उरलेल्या शब्दांत मर्यादा व ग्रंथ कुणाला उपयोगी पडेल ते. प्रकरणवार सारांश लिहू नका. सात प्रकरणांना प्रत्येकी शंभर शब्द दिले की मत मांडायला जागाच राहत नाही, आणि तो सारांश प्रस्तावनेतच दिलेला असतो.

लेखकाने न लिहिलेल्या ग्रंथाबद्दल त्याला दोष देणे ही दुसरी जुनी खोड. बंदराच्या इतिहासात शेतसाऱ्याची चर्चा नाही ही तक्रार होत नाही. जकातीच्या वह्यांत गहाळ वर्षे आहेत आणि दावा त्याच वर्षांवर उभा आहे, ही तक्रार होते. प्रत्येक आक्षेपाला पान क्रमांक द्या. मुद्रणदोषांची यादी परीक्षणात घालू नका, ती लेखकाला किंवा प्रकाशकाला वेगळी पाठवा, पुढच्या मुद्रणात उपयोगी पडते. आणि ग्रंथ एखाद्या तरुण संशोधकाचा पहिला असेल तर आक्षेप सौम्य करू नका, पण जे चांगले साधले आहे तेही तेवढ्याच नेमकेपणाने, पानांसकट सांगा. ‘वाचनीय’ आणि ‘मोलाची भर’ हे शब्द कुणाच्याच उपयोगाचे नसतात. ‘पाचव्या प्रकरणातला वह्यांचा तक्ता यापुढे प्रत्येकाला वापरावा लागेल’ हे वाक्य असते.

तपासलेल्या १० टीपांचा कागद परीक्षण छापून आल्यावरही जपून ठेवा. लेखकाने उत्तर पाठवले तर तोच कागद लागतो, आणि कागदी बांधणीची प्रत निघाली की तीच १० पाने उघडून काय दुरुस्त झाले ते पंधरा मिनिटांत पाहता येते.